जास्तीचा पाय कोठून येतो?



सहा पायांचा बेडूक सापडला, तर गावात काय बोलतील? कोणी म्हणेल देवाचा कोप, कोणी म्हणेल पुढे अरिष्ट आहे. पण असल्या पायाचे कारण बहुधा त्याच तळ्यात असते. ते कसे, हे आज पाहू.

मुंबईची आरे कॉलनी तुम्ही ऐकून आहात. शहरातल्या म्हशी बाहेर हलवण्यासाठी 1949 साली ही दुग्धवसाहत वसवली. तिथे गोठे आहेत, पावसाळ्यात डबकी साचतात, बेडूक अंडी घालतात. तुमच्या गावीही हेच चित्र असेल, नाही का? म्हणून ही हकिगत ऐका.

1995 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळेची मुले एका तळ्याकाठी गेली. पाहतात तो काय, पुष्कळ बेडकांचे पाय वेडेवाकडे! काहींना पाय कमी, काहींना जास्त. लोकांना पाण्यात विष असल्याची शंका आली. पुढे पीटर जॉन्सन यांनी बेडकांची पिल्ले पाण्यात ठेवून त्यांत रिबेरोइया नावाचे बारीक कृमी सोडले. पिल्ले वाढली, तसे अनेकांना वाकडे, जास्तीचे पाय फुटले. हा प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला.

हा कृमी आधी गोगलगाईत वाढतो. तिथून निघून पिल्लाच्या अंगात, पायाचा कोंब फुटतो नेमका तिथे, शिरतो. कोंबाची घडण बिघडते आणि एकाच्या जागी दोन-तीन पाय निघतात. असला बेडूक नीट उडी मारू शकत नाही; बगळा त्याला सहज टिपतो. बगळ्याच्या पोटात कृमी मोठा होतो, त्याची अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात आणि पुन्हा गोगलगाय गाठतात.

बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद म्हणजे सॅलॅमँडर. तो आपल्या सह्याद्रीत नाही, दार्जिलिंगकडे आहे. त्याचा पाय तुटला तर नवा येतो. अमेरिकेत त्यालाही याच कृमीपायी जास्तीचे पाय फुटलेले आढळले आहेत. बेडकाचा पाय कमी असला, तर मात्र पुष्कळदा चतुराच्या पाण्यातल्या अळीने तो लहानपणीच कुरतडलेला असतो.

आता आपला संबंध. शेणमूत तळ्यात वाहून गेले, की शेवाळ माजते. शेवाळावर गोगलगाई पोसतात. गोगलगाई वाढल्या, की कृमी वाढतात. गुरांच्या काळजात होणारा पर्णकृमीही गोगलगाईतूनच येतो, हे पशुपालकांना ठाऊक आहे. म्हणून उकिरडा तळ्यापासून लांब ठेवा आणि गुरांना पाणी हौदात पाजा.

गुरुजी, बाई, पावसाळ्यात मुलांना डबक्याकाठी न्या. बेडकांचे पाय मोजून वहीत तारीख, जागा लिहायला सांगा आणि बेडूक परत पाण्यात सोडायला लावा. वाकडा पाय दिसला, तर घाबरू नका; आधी त्या पाण्यात काय मिसळते ते पाहा.