घोड्याच्या खात्यावर

एखादं काम अडलं की आपण विचारतो, ‘घोडं कुठं पेंड खातंय?’ ज्यानं हा वाक्प्रचार काढला, त्यानं घोडा पाळला नसावा. घोडं पेंड कुठं खातंय हा प्रश्नच नसतो. पेंड आणायची कुठून, हा असतो. मी टांगेवाल्याचा मुलगा. तेव्हा या एका विषयावर मी अधिकारवाणीनं बोलू शकतो.

गोष्ट १९८०च्या सुमाराची. अब्बांचा टांगा मिरज स्टेशनबाहेर उभा असे. घोड्याचं नाव बादशाह. तो बादशाह आणि आम्ही सहाजण रयत. पहाटे त्याला भिजवलेले हरभरे, दुपारी तोबऱ्यात भरडा, रात्री कडबा आणि गवत. एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं. त्यामुळं त्याला थोडं थोडं, पण सारखं खायला लागतं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. नको ते पोटात गेलं तर आल्या वाटेनं परत येत नाही; पोटशूळ उठतो आणि जिवावर बेततं. म्हणून अम्मी त्याचे हरभरे दोनदा निवडायची. आमच्या आमटीत खडा लागला तर मात्र म्हणायची, ‘दात कशाला दिलेत अल्लानं?’

रमजानच्या महिन्यात अब्बांच्या तोंडात पाण्याचा थेंब नसे आणि हात मात्र भर दुपारी तोबऱ्यात. एकदा माझ्या पहिल्या रोजाला मी त्यातले मूठभर हरभरे खाल्ले. बादशाहनं पाहिलं. पण त्यानं शेवटपर्यंत गवाही दिली नाही.

घरात कमावता तोच होता, त्यामुळं पेठेतल्या वाण्याच्या दुकानात उधारीचं खातंही त्याच्याच नावावर होतं. ‘घोडा – हरभरा दहा किलो.’ आम्हाला कुणी उधार देत नव्हतं. घोड्याची मात्र पत होती. ओढाताणीच्या महिन्यात अम्मी मला त्याच खात्यावर गूळ आणायला पाठवी. घोडे गूळ खातात, यात खोटं काही नाही. मग साखर आली. घोडे साखरही खातात. मग चहापूड आली.

दुकानदारांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी विचारलं, ‘काय रे, तुमचा घोडा चहा पितो?’

मी म्हणालो, ‘थंडीत पितो.’

‘आणि हे खोबरेल?’

‘शेपटीला.’

अण्णा हसले नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘घोडा – चहापूड पावशेर, खोबरेल एक बाटली.’

जूनमध्ये शाळा उघडली. मी दोनशे पानी सहा वह्या मागितल्या. अण्णांनी चष्मा काढला, पेन्सिल कानावर ठेवली. ‘घोड्याला वह्या कशाला?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मान खाली घालून उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘कितवीत गेला घोडा?’

‘सातवीत,’ मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला. ‘घोडा – वह्या सहा.’ माझी पहिली कविता त्यातल्याच एका वहीत आहे.

पुढं स्टेशनबाहेर रिक्षा वाढल्या. उतारू टांग्याकडं बघेनात. बादशाहही थकला होता. एका पावसाळी रात्री त्याच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टर सुई देऊन गेले. अब्बा लगाम धरून त्याला पहाटेपर्यंत अंगणात फिरवत होते. फजरच्या अजानच्या आधी तो बसला, तो उठला नाही.

चौथ्या दिवशी अब्बा मला घेऊन दुकानात गेले. म्हणाले, ‘घोडा गेला. हिशेब सांगा.’

अण्णांनी खातं उघडलं, बराच वेळ पाहिलं. ‘भाई, मेलेल्या जनावराच्या दाण्याचे पैसे मी घेत नाही. हे पान मी फाडतो.’

अब्बांनी पानावर हात ठेवला. ‘दाना उसने खाया, अण्णा. मगर चा तो हमीच पिए ना? चा के तो लेव.’

अण्णांनी पान फाडलं नाही. अब्बांनी मग मालधक्क्यावर हमाली केली आणि दोन वर्षांत पैसे फेडले. चहाचेच नव्हे, दाण्याचेही. दर महिन्याला पैसे द्यायला मी जात असे. खात्याचं नाव अण्णांनी बदललं नव्हतं. मी समोर उभा असताना ते लिहीत, ‘घोडा – जमा पंधरा रुपये.’ मरून गेलेलं जनावर महिन्याच्या महिन्याला आपली उधारी फेडत होतं.

१९९० साली मी बी. ए. झालो. पेढे घेऊन दुकानात गेलो. अण्णांना आता नीट दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं, निकाल सांगितला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले,

‘म्हणजे घोडा पास झाला तर!’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)