आमवात उचल खातो तेव्हा : ओळख आणि मोजमाप



सोयाबीनच्या काढणीचे दिवस आले, की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गावोगाव कोणाच्याही हातांना उसंत नसते. अशा वेळी घरातील एखाद्या स्त्रीची बोटे सकाळी मिटेनाशी होतात, भाकरी थापणे अवघड होते आणि ‘वात आला’ एवढेच म्हणून विषय संपविला जातो. पण वात हे एका दुखण्याचे नाव नाही. वयोमानाने झिजलेला गुडघा, चिकुनगुन्यानंतर रेंगाळणारी सांधेदुखी आणि आमवात हे तीन निराळे विकार आहेत. २००६ मध्ये मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा हा फरक ओळखण्याची निकड विशेष जाणवली.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांमधील त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का दिसून आले.

उचल कशी ओळखावी?

औषधांनी शमलेला आमवात पुन्हा भडकतो, त्यास रोगाने उचल खाल्ली असे म्हणतात. श्रमाने आलेले दुखणे एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने ओसरते; उचल तशी ओसरत नाही. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक काळ टिकतो, दोन्ही हातांच्या बोटांची मुळे व मनगटे सुजून गरम होतात, अंगात थकवा भरतो आणि हे दिवसेंदिवस चालू राहते.

मोजमापाच्या पद्धती

वैद्यकशास्त्राने यासाठी २८ सांधे निश्चित केले आहेत : खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हातांच्या बोटांचे २० सांधे. त्यांतील दुखरे किती व सुजलेले किती हे मोजून, रक्ततपासणी आणि रुग्णाचे स्वतःचे मत यांची जोड देऊन गुणांक काढतात. तो २.६ पेक्षा कमी असल्यास रोग शमलेला, तर ५.१ पेक्षा अधिक असल्यास तीव्र मानला जातो. दुसऱ्या एका पद्धतीत रक्ततपासणी लागत नाही. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, तसेच रुग्ण व डॉक्टर यांनी प्रत्येकी १० पैकी दिलेले गुण यांची बेरीज करावयाची. ती २२ पेक्षा अधिक झाल्यास रोग तीव्र समजतात. प्रयोगशाळा दूर असलेल्या ठिकाणी ही पद्धत सोयीची ठरते. मात्र या २८ सांध्यांत पावलांचा समावेश नाही. दिवसभर शेतात उभे राहणाऱ्या स्त्रीने पावलांचे दुखणे डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे.

रुग्णाची वही

खरी अडचण अंतराची आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून नांदेडला विष्णुपुरीच्या, किंवा देवणी-जळकोटहून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत उचल ओसरलेली असते, अथवा वेदनाशामक इंजेक्शनाने झाकलेली असते. डॉक्टरांना शांत सांधे दिसतात आणि औषध आहे तेवढेच राहते. सांध्यातील दाह मात्र आतून हाड कुरतडत असतो. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

यावर उपाय साध्या वहीचा आहे. वेदना, ताठरपणा, थकवा, घागर उचलण्यासारखी कामे करताना येणारी अडचण आणि चारचौघांत मिसळण्यातील अडथळा या पाच बाबींना शून्य ते दहा असे गुण द्यावेत व ते तारखेसह लिहावेत. अशाच पाच बाबींवर आधारलेली प्रश्नावली आंतरराष्ट्रीय संशोधकांनीही तयार केली आहे. लिहिता न येणाऱ्या आजीसाठी शाळेत जाणारी नात हे काम सहज करू शकेल. औषधे मनाने बंद करू नयेत किंवा वाढवू नयेत. आकडे चढत राहिल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन रुग्णालय गाठावे.

‘फार दुखते’ हे शब्द घरात आणि दवाखान्यात अनेकदा विरून जातात. तारखेसह लिहिलेला आकडा तसा विरत नाही. त्याच्या आधारे वेळीच उपचार बदलता येतात, आणि कष्टाने घर चालविणारे हात कामाचे राहतात.