ओल्ड हॉस रॅडबर्न : एका हाताची कमाई



वसंतातल्या सायंकाळी बेसबॉल हा परदेशी खेळ घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. खेळाच्या बारकाव्यांत मी आपल्याला फार गुंतवणार नाही. मला बोलायचे आहे ते एका माणसाविषयी, त्याच्या उजव्या हाताविषयी, आणि त्या हातावर हक्क कोणाचा या प्रश्नाविषयी.

चार्ल्स रॅडबर्न याचा जन्म 1854 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. आईबाप इंग्लंडहून आलेले. पुढे हे कुटुंब इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी स्थायिक झाले. बाप खाटिकाचा धंदा करी. मुलानेही काही दिवस तेच काम केले, काही दिवस आगगाडीवर ब्रेक ओढण्याचे केले. त्या सुमारास बेसबॉल हा हौसेचा खेळ राहिला नव्हता. उघडपणे पगार घेऊन खेळणारा पहिला संघ 1869 साली सिनसिनाटी येथे निघाला होता आणि 1876 साली नॅशनल लीग ही क्लबांची संघटना स्थापन झाली होती. मेहनतीची कामे करणाऱ्या घरांतल्या मुलांना पोट भरण्याची एक नवी वाट मोकळी झाली होती. रॅडबर्न याच वाटेने 1881 साली प्रॉव्हिडन्स शहराच्या ग्रेज या संघात आला.

आता पिचर म्हणजे काय, एवढे सांगतो. आपल्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाला एक षटक टाकले की विसावा मिळतो. दुसऱ्या टोकाने दुसरा येतो. बेसबॉलमध्ये दुसरे टोक नाही. प्रत्येक चेंडू त्या एकाच पिचरने टाकायचा. त्या काळी तो पन्नास फुटांवरून टाकावा लागे. आजचे साठ फूट सहा इंचांचे अंतर 1893 साली ठरले. बदली खेळाडू घेण्याची मुभा दुखापतीखेरीज जवळजवळ नव्हती. फलंदाजाला चेंडू उंच हवा की खाली, हे सांगण्याचा हक्क होता! खांद्यावरून चेंडू फेकण्याची परवानगी नॅशनल लीगने 1884 साली दिली. पण रॅडबर्न बहुतांशी आपल्या जुन्या, हात खाली ठेवून फेकण्याच्या रीतीलाच धरून राहिला. वेगापेक्षा चेंडूला दिलेले वळण आणि फलंदाजाच्या मनाचा अदमास यांवर त्याची भिस्त होती.

हेच 1884 साल त्याच्या आयुष्यातले मोठे साल. संघात चार्ली स्वीनी नावाचा दुसरा, वयाने लहान आणि अत्यंत तेज पिचर होता. जून महिन्यात त्याने बॉस्टनचे एकोणीस फलंदाज एकाच सामन्यात चेंडू लागू न देता बाद केले. साहजिकच त्याचा बोलबाला झाला. रॅडबर्न मुळातच अबोल आणि मानी. त्याच्या मनात ही गोष्ट सलू लागली. जुलैच्या मध्यास एका सामन्यात तो मुद्दाम वाईट खेळला, असा आरोप ठेवून चालकांनी त्याला निलंबित केले. पुढे आठवडाभरातच, 22 जुलैला, स्वीनी चालू सामन्यात व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्ट यांच्याशी भांडला आणि मैदान सोडून निघून गेला. पुढे असलेला प्रॉव्हिडन्सचा संघ आठच खेळाडूंनिशी खेळून हरला. एक पिचर निलंबित, दुसरा पसार! संघ मोडून टाकावा की काय, असा विचार मालकांत सुरू झाला.

अशा वेळी बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेले. रॅडबर्न म्हणाला, उरलेल्या हंगामाचे ओझे मी उचलतो. पण मला जादा पगार द्या आणि हंगाम संपल्यावर मला मोकळे करा.

मोकळे करा, या मागणीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. 1879 साली क्लबांच्या मालकांनी आपसांत असे ठरवले होते की ठरावीक खेळाडू प्रत्येक क्लबने राखून ठेवायचे. इतर कोणी त्यांना घ्यायचे नाही. पुढे ही संख्या वाढत गेली. करार संपला तरी खेळाडू सुटत नसे. मालक देईल तो पगार घ्यावा, नाहीतर घरी बसावे. रॅडबर्नने अडल्या वेळी पैसा मागितलाच. पण पैशाबरोबर स्वतःची मालकी मागितली.

आणि मग त्याने जे केले, ते आजही वाचताना खरे वाटत नाही. जवळजवळ रोज तोच पिचर. ऑगस्टपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत संघाने ओळीने वीस सामने जिंकले. सकाळी हात वर करून केस विंचरणेही त्याला जमत नसे, असे सांगतात. दुपारी तोच हात पुन्हा मैदानावर. वर्षअखेर त्याच्या नावावर 59 विजय लागले. जुन्या नोंदींत ते 60 होते. 678 डाव त्याने टाकले. एका डावात तीन बाद, या हिशेबाने दोन हजारांवर फलंदाज झाले. आजचा पिचर वर्षाला दोनशे डाव टाकतो तेव्हा लोक त्याची वाहवा करतात. प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संघाशी तीन दिवसांत तीन सामने झाले, तिन्हींत पिचर रॅडबर्न, तिन्ही जिंकले. लोक त्याला ‘ओल्ड हॉस’ म्हणत. हॉस म्हणजे घोडा, ओझे ओढणारा घोडा!

शाबासकीच्या या नावातच एक दुखरी जागा आहे. घोड्याचे कौतुक करताना त्याच्या खांद्यावरचे वळ कोण मोजतो? पुढच्या वर्षी तो प्रॉव्हिडन्समध्येच खेळला. पण त्या हंगामानंतर तो क्लबच मोडला आणि रॅडबर्न बॉस्टनला गेला. 1884 चा हात पुन्हा दिसला नाही. 1890 साली त्याचा प्रॉव्हिडन्समधील जुना सहकारी, कायद्याचा पदवीधर जॉन माँटगोमेरी वॉर्ड याच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. राखीव खेळाडूंच्या नियमाची तुलना वॉर्डने पळालेल्या गुलामांना पकडून आणणाऱ्या कायद्याशी केली होती. रॅडबर्न त्या लीगमध्ये सामील झाला आणि त्याच्या बॉस्टन संघाने तेथील अजिंक्यपदही मिळवले. भांडवल कमी पडले, लीग एका वर्षात बुडाली. 1891 साली सिनसिनाटीत तो शेवटचा खेळला. तीनशेहून अधिक विजय मिळवून तो ब्लूमिंग्टनला परतला. तेथे त्याने दारूचे आणि बिलियर्डचे दुकान चालवले. शिकारीच्या अपघातात एक डोळा गेला. 1897 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले ते 1939 साली; आणि तो राखीव नियम खिळखिळा झाला 1975 साली, एका लवादाच्या निर्णयाने.

मित्रहो, कष्टाळू माणसाचा गौरव करण्याची आपल्याला हौस आहे, आणि ती चांगली आहे. पण त्या गौरवाच्या आड त्याचा हिशेब बुडवण्याची खोड समाजाला फार जुनी आहे. रॅडबर्न सोन्याच्या मोलाचा खेळाडू होता, संत नव्हता. तो रुसला, भांडला, अडला वेळ पाहून त्याने किंमत सांगितली. काहींना ते खटकेल. मला मात्र त्यात त्याचा मोठेपणा दिसतो. आपल्या हाताची किंमत त्याने स्वतः ठरवली, आणि ठरलेले काम शेवटच्या चेंडूपर्यंत चोख करून दिले. करार करताना ताठ मान आणि काम करताना वाकलेली पाठ, या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे त्याने दाखवले. ज्याच्या श्रमावर आपण टाळ्या वाजवतो, त्याला त्याच्या श्रमाचा सौदा करण्याची मोकळीक आहे की नाही, एवढे टाळी वाजवण्यापूर्वी विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर या परक्या खेळाडूची कथा ऐकल्याचे सार्थक होईल.