साबणाचा शेअर आणि मोबदल्याचा पैसा
(बीबी येथील बैठकीतील भाषण)



समृद्धी महामार्गात आपल्या भागातल्या जमिनी गेल्या, मोबदला बँकेत आला, आणि सल्ला देणारे दारात उभे राहिले. ते म्हणतात, साबण, चहा, बिस्किटांच्या कंपन्यांचे शेअर घ्या. दुष्काळातही माणूस अंघोळ सोडत नाही.

यात खरे आहे ते मान्य करू. आपल्या कापसाचा भाव व्यापारी सांगतो. साबणाचा भाव कंपनी छापून पाठवते. तिचा खर्च वाढला की किंमत वाढते, नाहीतर दहाच्या पुड्यातला माल घटतो. म्हणून या धंद्यात नफा टिकतो.

पण जमीन काळी कसदार आहे म्हणून आपण ती वाटेल त्या भावाने घेतो का? वर्षाला शंभर रुपये नफ्याचा शेअर पाच हजारांना घेतला, तर नफा वाढल्याशिवाय तेवढी कमाई व्हायला पन्नास वर्षे लागतात. हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आपल्याच खामगावला आहे. 2000 साली ज्यांनी तिचा शेअर चढ्या भावात घेतला, त्यांच्या शेअरची किंमत दहा वर्षांनीही जवळपास तिथेच होती. लाभांश तेवढा मिळाला. साबण मात्र रोज खपत होता.

मग अमळनेरचे उदाहरण देतात. तिथे 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. जुने शेअर सांभाळणारे गावकरी कोट्यधीश झाले, हे खरे. पण ते तुपासाबणाने नव्हे, 1980 नंतरच्या संगणकाच्या धंद्याने. ते आधी कोणाला दिसले होते?

आणखी एक गोष्ट. पाऊस गेला की खेड्यातला खप घटतो. म्हणजे आपले ज्वारी-कापसाचे रान आणि हा शेअर, दोन्ही काही प्रमाणात एकाच ढगाकडे बघतात.

म्हणून आमचे म्हणणे असे: आधी सावकाराचे आणि बँकेचे देणे फेडा. विहीर, बियाणे, दवाखाना आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा वेगळा काढा. त्यानंतर दहा वर्षे लागणार नाही एवढी रक्कम उरली, तर तिचा लहान हिस्सा शेअरमध्ये घाला. तोही एका कंपनीत नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

सल्ला देणारा आला की त्याला दोन प्रश्न विचारा: आज हा शेअर नफ्याच्या किती पट भावाने मिळतो? आणि आम्ही घेतला तर तुम्हाला किती मिळतात? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. गेलेली जमीन परत येणार नाही. तिचा पैसा तरी जपून वापरू.