वाळूचे चित्र

मुलांनो, दिवाळीत तुमच्या घरी दारापुढे रांगोळी काढतात ना? चिमटीतून रांगोळी कशी सोडायची, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आज मी तुम्हांला अशाच चिमटीने काढलेल्या चित्रांविषयी सांगणार आहे. मात्र ती शोभेसाठी नसतात, आजारी माणसासाठी असतात.

अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत नवाहो लोक राहतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या घराला होगन म्हणतात. त्याचे दार पूर्वेला असते. कोणी आजारी पडले, की ते दवाखान्यात जातात, औषध घेतात आणि आपल्या वैद्यालाही बोलावतात. त्यांच्या भाषेत या वैद्याच्या नावाचा अर्थ 'गाणारा' असा आहे! तो आणि त्याचे मदतनीस होगनच्या जमिनीवर स्वच्छ वाळू पसरतात. रंगीत दगड आणि कोळसा कुटून पांढरी, निळी, पिवळी, लाल, काळी पूड केलेली असते. ती चिमटीतून सोडत ते देवता, मक्याची झाडे, विजा काढतात. मोठ्या चित्रासाठी अनेक जण तासन् तास खपतात.

आता गंमत ऐका. आपण रांगोळीवर कोणाचा पाय पडू देत नाही. नवाहो मात्र आजाऱ्याला चित्रावरच बसवतात! वैद्य चित्रातील देवतेच्या पायांना हात लावतो आणि तोच हात आजाऱ्याच्या पायांना लावतो. देवतेचे बळ आजाऱ्याला मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे. गाणी चालू असतात. घरची माणसे जवळ असतात. शेवटी चित्र मोडून वाळू बाहेर नेऊन टाकतात. एवढे सुंदर चित्र मोडायचे? हो. त्याचे काम झालेले असते.

फ्रान्समधील एक चित्र मात्र आजही टिकून आहे. तेथे इसेनहाइम गावी एक मठ होता. हातपाय आगीसारखे जाळणाऱ्या एका रोगाचे लोक तेथे येत. बुरशी लागलेल्या धान्याची भाकरी खाऊन तो रोग होई, पण तेव्हा हे कोणालाच कळले नव्हते. १५१२ ते १५१६ या काळात ग्रूनेवाल्ट या चित्रकाराने मठासाठी क्रुसावरच्या येशूचे मोठे चित्र काढले. येशूच्या सर्वांगावर जखमाच जखमा! देखणा येशू का नाही काढला? कारण समोर उभ्या असलेल्या रोग्यांची अंगेही तशीच होती. चित्राने रोग जात नसे. पण 'यालाही माझ्यासारखेच दुखते आहे,' एवढे तरी त्यांना दिसे.

ते चित्र आता कोलमार शहरातील संग्रहालयात आहे. जवळून पाहिले, तर येशूच्या अंगात रुतलेले काटेही दिसतात.