युद्धकथांना आवाज देताना

(एका वाचनालयाच्या वाचक-मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ध्वनिपुस्तक म्हटले की आज आपल्याला प्रवासातला वेळ आणि कानात घातलेली नळकांडी आठवतात. परंतु या वस्तूच्या जन्माशी युद्धाचा फार निकटचा संबंध आहे. १९१६ साली फ्रान्समधील सोमच्या लढाईत इयान फ्रेझर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याची दृष्टी गोळी लागून कायमची गेली. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. युद्धात अंध झालेल्यांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचा पुढे तो अनेक वर्षे अध्यक्ष होता. ब्रेल लिपी ज्यांच्या बोटांना साधत नाही, त्यांनी वाचायचे कसे, हा प्रश्न त्याने सोडला नाही. एका बाजूला तीन-चार मिनिटे वाजणाऱ्या तबकडीवर कादंबरी मावणे शक्य नव्हते. म्हणून संथ फिरणारी, एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटे वाजणारी तबकडी तयार करण्यात आली आणि १९३५ मध्ये ब्रिटनमधील पहिली 'बोलकी पुस्तके' अंध वाचकांच्या घरी पोहोचली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आज जगभर हजारो सामान्य माणसे जुन्या पुस्तकांचे ध्वनिमुद्रण विनामूल्य करीत आहेत आणि त्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळातील कथा-कादंबऱ्यांनाही स्थान आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील माँट्रियलच्या ह्यू मॅक्ग्वायर यांनी 'लिब्रिवॉक्स' हा उपक्रम सुरू केला. जोसेफ कॉनरॅड यांची 'द सिक्रेट एजंट' ही कादंबरी त्यासाठी प्रथम वाचली गेली. येथे मानधन नाही, आवाजाची परीक्षाही नाही. सुरुवातीला एक मिनिटाचा नमुना मागतात, तो यंत्र नीट चालते की नाही एवढे पाहण्यासाठी. कोणी एक प्रकरण घ्यावे, कोणी दहा. दुसरा स्वयंसेवक ते मुद्रण मूळ मजकूर समोर ठेवून ऐकतो आणि कुठे शब्द गळला, कुठे ओळ दोनदा आली, ते कळवितो. तयार झालेले मुद्रण सर्वांसाठी खुले होते. वाचकाचा त्यावर कोणताही हक्क उरत नाही. आपल्या शाखा-शाखांतून 'स्वयंसेवक' हा शब्द ज्या अर्थाने रुजला, त्याला हे काम परके वाटू नये.

आवाज चांगला असावा लागतो, हा गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. त्याहून अवघड अट निराळी आहे. पुस्तकात जे लिहिले आहे तेच वाचायचे; न कमी, न अधिक. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक स्वर सांभाळणाऱ्या वेदपाठी परंपरेच्या वारसांना ही अट समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरी व्यवहारात ती पाळणे जड जाते. जुन्या युद्धकथांच्या बाबतीत तर फारच.

उदाहरण रुडयार्ड किपलिंग यांच्या 'द आइज ऑफ एशिया' या १९१८ मधील छोट्या पुस्तकाचे घ्यावे. युरोपात लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रे सरकारी तपासनिसांच्या हातून जात. ती किपलिंग यांना पाहावयास मिळाली आणि त्यांच्या आधारे त्यांनी कल्पित पत्रे रचली. फ्रान्समधली शेती, तिथल्या शिकलेल्या बायका, त्यांचे कष्ट पाहून चकित झालेला आपला सैनिक त्यांत दिसतो. पण त्या सैनिकाच्या तोंडी जी राजनिष्ठा आहे, ती किती त्याची आणि किती लेखकाची, हा प्रश्न कोणत्याही स्वाभिमानी वाचकाला छळेल. वाचताना ते वाक्य गाळण्याचा किंवा उपहासाच्या सुरात उच्चारण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. साम्राज्याने आपल्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याचा तो पुरावा आहे, आणि पुराव्यात कोणी खाडाखोड करीत नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने दुसरे पुस्तक निवडावे.

आणि दुसरे पुस्तक आपल्याकडे आहे. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही हिंदी कथा महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या 'सरस्वती' मासिकात १९१५ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे युद्ध चालू असताना. लंडनमधल्या एखाद्या लेखकाच्या नजरेतून न पाहता, आपल्याच एका संस्कृत पंडिताने फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकातला शीख जमादार उभा केला. अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी भेटतात. 'तुझी सोयरीक झाली का?' असे तो तिला चेष्टेने विचारीत राहतो, आणि एके दिवशी ती 'झाली' म्हणते. पंचवीस वर्षांनी लहनासिंग सुभेदाराच्या घरी जातो, तेव्हा सुभेदारीण तीच निघते. नवरा आणि मुलगा दोघेही आघाडीवर चालले आहेत; त्यांना सांभाळ, एवढेच ती मागते. खंदकात थंडीने आजारी पडलेल्या तिच्या मुलाला लहनासिंग आपले पांघरूण देतो. इंग्रज अधिकाऱ्याच्या वेषात शिरलेल्या जर्मनाला तो ओळखतो, कारण तो शिखाला सिगारेट देऊ करतो. स्वतःची जखम लपवून बाप-लेकांना तो गाडीतून पुढे पाठवितो आणि मागे राहून प्राण सोडतो.

ही कथा मोठ्याने वाचण्यास फार कठीण आहे. पहिला भाग बाजारातला, दुसरा थेट खंदकातला. मधली पंचवीस वर्षे लेखकाने न सांगता ओलांडली आहेत. छापील पानावर मोकळी जागा दिसते. कानाला फक्त विराम मिळतो, म्हणून तो विराम पुरेसा लांब हवा. शेवटी मरणाऱ्या लहनासिंगाच्या मनात बालपण आणि वर्तमान एकमेकांत मिसळतात. तिथे नाट्यछटा करून, निरनिराळे आवाज काढून वाचणारे पुष्कळ भेटतात; त्यांना आवरते घेण्यास सांगणारा मित्र जवळ असावा. पंजाबी शब्दांचे उच्चार मात्र शिकूनच घ्यावे लागतात. मराठी माणसाच्या तोंडचे 'च' आणि 'ज' तिथे लगेच उघडे पडतात.

त्या काळचा सैनिक प्रत्यक्षात कसा बोलत असे, हे कळण्याचा एक विलक्षण मार्ग उपलब्ध आहे. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ येथील छावणीत भारतीय युद्धकैदी ठेवले होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे आवाज मुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल सिंग नावाच्या कैद्याने दीड मिनिटाहून कमी वेळात आपली कहाणी सांगितली. घरचे लोणी आठवणारा, हिंदुस्थानात परत जाऊ इच्छिणारा एक माणूस, असे स्वतःविषयी परक्यासारखे बोलत. ते मुद्रण बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याच्यापुढे यंत्र धरणाऱ्यांना त्याच्या दुःखाशी कर्तव्य नव्हते, त्यांना उच्चारांचे नमुने हवे होते. 

आता कायद्याविषयी थोडे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. गुलेरी १९२२ मध्ये गेले, त्यामुळे मूळ कथा केव्हाच मुक्त आहे. तिचा छापील मराठी अनुवाद वाचायचा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नये. याउलट विश्राम बेडेकर यांची १९३९ मधील 'रणांगण', युरोपातून परतणाऱ्या बोटीवर दुसऱ्या महायुद्धाची चाहूल टिपणारी मराठीतली ही अजोड कादंबरी, २०५८ अखेरपर्यंत हक्कांच्या कक्षेत आहे, कारण बेडेकर १९९८ मध्ये गेले. तरीही २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट खुली केली: छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी, नफा न घेता, असे मुद्रण परवानगीवाचून करता येते. या विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला 'मिलिटरी' ही उपाधी लागली ती पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले म्हणून. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १९१६ च्या एप्रिलमध्ये शरण जावे लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कोकणात आणि घाटावर कित्येक गावांत 'या गावातून इतके लोक लढाईस गेले' असे सांगणारे दगड आहेत. त्यांवर आकडे आहेत. ती माणसे कशी बोलत, कशी घाबरत, हे सांगण्याचे काम कथेचे.

साधने म्हणाल तर संगणक, बरा मायक्रोफोन आणि 'ऑडॅसिटी' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढे पुरते. कपड्यांच्या कपाटासमोर बसले की आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवावा. कुकरची शिट्टी आणि भाजीवाल्याची हाळी सुरू होण्यापूर्वी, पहाटे पाचची वेळ उत्तम. 'उसने कहा था' दोन-तीन पहाटेंत होते. कथेचा शेवट वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीतील एका कोरड्या नोंदीने केला आहे: पलटणीचा क्रमांक, हुद्दा, नाव. वाचणाऱ्याचा कंठ तिथपर्यंत दाटलेला असतो. म्हणून ती नोंद दुसऱ्या दिवशी स्वतंत्र मुद्रित करावी, आकाशवाणीवरच्या बातमीसारखी सरळ वाचावी, आणि नावानंतर यंत्र थोडा वेळ चालू ठेवावे.