अमृतसर : सोनें आणि सरोवर

अमृतसर म्हटलें कीं सोन्यानें मढविलेलें मंदिर डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या नगराचें नांव सोन्यावरून पडलेलें नाहीं, पाण्यावरून पडलें आहे. सरोवर आधीं झालें. सोनें पुष्कळ मागाहून आलें.

शिखांचे चौथे गुरु रामदास यांनीं १५७७ च्या सुमारास येथें तळें खणविलें आणि त्याच्या कांठीं व्यापारी व कारागीर वसविले. त्या वस्तीस प्रथम रामदासपूर म्हणत. त्यांचे पुत्र गुरु अर्जुनदेव यांनीं सरोवराच्या मध्यभागीं हरिमंदिर उभारलें. आपल्याकडे बहुधा पायऱ्या चढून देवाकडे जावें लागतें. येथें पायऱ्या उतरून जावें लागतें. मंदिराला चारी दिशांस दारें आहेत. नम्र होऊन यावें, पण कोणींहि यावें, असा या रचनेचा अर्थ शीख परंपरा सांगते. १६०४ सालीं तेथें आदिग्रंथाची स्थापना झाली. त्यांत गुरूंच्या वाणीशेजारीं विणकर कबीर, चर्मकार रविदास, सूफी शेख फरीद आणि आपले नामदेव शिंपी बसले आहेत. नामदेवांचीं ६१ पदें त्यांत आहेत.

परंतु उघडें दार राखावेंहि लागतें. १६०६ मध्यें लाहोरास मोंगलांच्या कैदेंत गुरु अर्जुनदेवांचा अंत झाला, आणि त्यांचे पुत्र हरगोविंद यांनीं मंदिरासमोर अकाल तख्त स्थापिलें. १७५८ मध्यें राघोबादादांच्या फौजा लाहोरांत शिरल्या होत्या. पण पानिपतानंतर पंजाबांत अब्दालीशीं झुंजण्याचा भार मुख्यतः शिखांवर पडला. १७६२ मध्यें अब्दालीनें हरिमंदिर सुरुंगानें उडविलें व सरोवर ढिगाऱ्यानें बुजविलें. शिखांनीं तें उपसलें आणि मंदिर पुन्हा बांधलें. सोन्याचे पत्रे चढले ते त्यानंतर, महाराजा रणजितसिंगांच्या राज्यांत.

पुढचे घाव अधिक जवळचे आहेत. १३ एप्रिल १९१९ रोजीं, वैशाखीच्या दिवशीं, चार दारांच्या या मंदिरापासून थोड्याच अंतरावर, निघावयास पुरेशी वाट नसलेल्या जालियनवाला बागेंत जनरल डायरनें गोळीबार करविला. सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. १९४७ मध्यें लाहोर परदेश झालें, शहरांत आगी लागल्या, आणि पिढ्यान्पिढ्यांचे मुसलमान शेजारी निघून गेले. जून १९८४ मध्यें मंदिराच्या आवारांत ठाण मांडलेल्या सशस्त्र लोकांवर सैन्य चालून गेलें. अनेक यात्रेकरू मृत्यु पावले व अकाल तख्ताची मोठी हानि झाली. ही जखम विसरण्याजोगी नाहीं.

तरीहि लंगरांत येणारा कोणीहि आज एकाच पंक्तीस बसून जेवतो. त्याची जात वा धर्म कोणी विचारीत नाहीं. सरोवरांत गाळ सांचला म्हणजे भाविक स्वतः आंत उतरतात. १९२३ सालीं अशी मोठी कारसेवा झाली. नगराचा स्वभाव मला या सेवेंत दिसतो. सोनें राजाच्या कृपेनें चढलें. गाळ मात्र सर्वांनीं आपल्या हातांनीं काढला आहे.